मागच्या सीटवरून पारखलेली गाडी
डहाणू–तलासरीची दोन दिवसांची सफर

डहाणू आणि तलासरी हे पालघर जिल्ह्याचे उत्तरेकडचे दोन तालुके. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला गुजरात आणि दादरा-नगर हवेलीची हद्द. या दोन तालुक्यांत पन्नास-साठ किलोमीटरच्या टापूत रस्त्याचे सगळे नमुने भेटतात. समुद्राकाठचा अरुंद, वळणांचा रस्ता आहे, चिकूच्या वाड्यांमधून जाणारी सावलीची वाट आहे, राष्ट्रीय महामार्ग ४८ चा रुंद काँक्रीटचा पट्टा आहे आणि तलासरीच्या आत पाड्यापाड्यांकडे वळणारे, पावसाने धुपलेले रस्तेही आहेत. जुनी गाडी घ्यायची असेल तर तिची परीक्षा पाहायला यापेक्षा चांगली जागा आमच्या भागात नाही. गेल्या ऑक्टोबरमध्ये आम्ही तेच केले.

आम्ही बोईसरला राहतो. घरात माझ्या सासूबाई, म्हणजे सगळ्यांच्या अम्मी, आम्ही दोघे आणि दोन मुले. दाराशी चौदा वर्षांची लहान गाडी होती. अम्मींचे दोन्ही गुडघे झिजले आहेत आणि महिन्यातून दोनदा त्यांना वापीच्या हाडांच्या डॉक्टरांकडे न्यावे लागते. जुन्या गाडीची सीट इतकी खाली होती, की बसताना शेवटचे वीतभर अंतर त्या धप्पकन पडायच्या आणि उतरताना दोघांनी बगलेत धरून उचलावे लागायचे. हळूहळू त्यांनी बाहेर जाणेच सोडले. मागच्या वर्षी डहाणूत त्यांच्या सख्ख्या बहिणीचा इंतकाल झाला, तेव्हाही त्या गेल्या नाहीत. "मयतीच्या घरी लोकांनी मय्यतीकडे बघायचं, की मला कोण उतरवतंय याच्याकडे?" असे म्हणाल्या आणि घरीच बसून दुआ करत राहिल्या. गाडी बदलायची, हे त्या दिवशीच ठरले.

पैशांची हद्दही ठरलेली होती. यांची बचत, माझ्या शिकवण्यांचे पैसे आणि दोन भिशा मिळून आठ लाख. व्याजाचे कर्ज काढायचे नाही, हे आमच्या घरात आधीपासून ठरलेले. म्हणजे आठ लाखांच्या वर एक रुपया लागला, तर तो थोरलीच्या शिक्षणाच्या पैशांतून निघणार होता. आठ लाखांत नवी गाडी आली असती, पण ती पुन्हा लहानच. म्हणून जुनी, पण उंच आणि ऐसपैस गाडी पाहायची असे ठरले.

उंच गाड्यांच्या दोन जाती

उंच दिसणाऱ्या प्रत्येक गाडीला आपल्याकडे सरसकट एसयूव्ही म्हणतात. पण त्यांच्यात दोन जाती आहेत. स्कॉर्पिओ, बोलेरो यांना खाली ट्रकसारखी लोखंडी चौकट असते आणि बॉडी तिच्यावर बसवलेली असते. ओझ्याला आणि दगडगोट्यांच्या वाटेला त्या दणकट, पण चढायला उंच, आणि मागे बसणाऱ्याला हेलकावे जास्त. दुसरी जात क्रॉसओव्हरची. हिची बांधणी साध्या मोटारीसारखीच, बॉडी आणि चौकट एकच, फक्त जमिनीपासूनची उंची वाढवलेली. ह्युंदाई क्रेटा, किया सेल्टोस, रेनो डस्टर, स्कोडा कुशाक, मारुती ग्रँड विटारा या सगळ्या याच जातीच्या, साधारण सव्वाचार मीटर लांबीच्या.

गुडघेदुखीच्या माणसाला हीच जात सोयीची. सीट फार खाली असली तर शरीर पडते, फार वर असली तर पाय उचलून चढावे लागते. सीट कमरेच्या थोडी खाली असली, की माणूस पाठ फिरवून नुसता टेकतो आणि मग पाय आत घेतो. माझ्या शिवणाच्या टेपने मी जुन्या गाडीची सीट मोजली होती. जमिनीपासून ४८ सेंटिमीटर भरली. ज्या खुर्चीवरून अम्मी घरात कुणाच्या मदतीशिवाय उठतात, ती उशीसकट ५८ सेंटिमीटर. आमच्या शोधाचे पहिले माप हेच होते. इंजिन, रंग, सनरूफ सगळे त्यानंतर.

डस्टर २०१२ साली आली आणि खड्ड्यांसाठी तिचे नाव अजूनही निघते. जमिनीपासूनची उंची २०५ मिलिमीटर, डिकी ४७५ लिटर. पण २०२२ मध्ये ती बंद झाली आणि बोईसरच्या आमच्या मिस्त्रीने सुट्या भागांसाठी थांबावे लागेल असे सांगितले. सेल्टोस ऑगस्ट २०१९ मध्ये आली. बऱ्या स्थितीतली सेल्टोस आमच्या हद्दीबाहेर जात होती. क्रेटा जुलै २०१५ मध्ये आली आणि मार्च २०२० मध्ये तिची दुसरी पिढी निघाली. आठ लाखांत बसणारी होती ती पहिल्या पिढीची. अशीच एक डिसेंबर २०१८ ची, पेट्रोलवर चालणारी क्रेटा डहाणूत विकायची आहे, असा निरोप माझ्या नणंदेच्या यजमानांकडून आला. मालक एक निवृत्त शिक्षक, पहिलेच मालक, गाडी ६१ हजार किलोमीटर चाललेली आणि मागणी पावणेआठ लाखांची.

नंदोईंची त्यांच्याशी वीस वर्षांची ओळख. त्यामुळे सरांनी दोन दिवस गाडी फिरवून पाहायला होकार दिला. अट एकच होती, पहिल्या दिवशी ते स्वतः बरोबर असतील. विमा चालू आहे ना, हे आम्ही आधी पाहून घेतले. अपरिचित माणसाची गाडी विमा न पाहता रस्त्यावर काढणे म्हणजे दुसऱ्याची आणि आपली, दोघांचीही मान अडकवणे.

पहिला दिवस : खारा वारा आणि चिकूची सावली

सकाळी पारनाक्याजवळ गाडी पाहिली. समोर समुद्र, सुरूची झाडे आणि दक्षिणेला खाडीकाठच्या औष्णिक वीज केंद्राची उंच चिमणी. या भागात गाडी पाहणाऱ्याने आधी खाली वाकावे. समुद्राकाठच्या गाडीचा रंग वरून चकाकतो, पण खारी हवा तिला पोटाकडून खाते. चाकांच्या कमानी, सायलेन्सर, ब्रेकच्या पाइपांचे जोड, दारांच्या खालच्या कडा आणि एसीच्या कंडेन्सरची जाळी ही पाहायची ठिकाणे. सायलेन्सरवर वरवरचा तांबूस गंज असणारच, त्याने बिघडत नाही. पण स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने टोकरल्यावर पत्र्याचे पापुद्रे निघाले, तर मात्र विचार करावा. बरोबर आणलेल्या मिस्त्रीने सगळीकडे बॅटरी मारून पाहिले. गंज वरवरचाच होता. ही गाडी वाळूवर कधी उतरवली नाही, असे सर म्हणाले आणि तिचे पोट पाहून ते खरे वाटले.

मग पाणी. इथे पावसाळ्यात सखल भागात पाणी भरते, म्हणून बुडालेल्या गाडीची भीती असते. त्याची सोपी खूण सीटबेल्टमध्ये सापडते. पट्टा शेवटपर्यंत ओढावा, आतल्या गुंडाळीवर मातीची रेघ असेल तर गाडीत पाणी शिरलेले असते. सीटच्या खालचे बोल्ट गंजले आहेत का, पायाखालच्या गालिच्याला कुबट वास आहे का, स्टेपनीच्या खळग्यात गाळ आहे का, तेही पाहावे. वाडीतल्या गाडीच्या बाबतीत आणखी एक. चिकूच्या झाडाखाली गाडी उभी राहिली की उंदीर बॉनेटमध्ये घर करतात आणि वायरी कुरतडतात. आम्ही एकेक दिवा, वायपर, काच, हॉर्न चालवून पाहिले.

हे चालले असताना सर स्वतःहून म्हणाले, "उजवा मागचा दरवाजा रंगवलेला आहे. २०२१ मध्ये फाटकाला घासला होता. आणि पुढून खड्ड्यात थोडा खडखड आवाज येतो, तो तुम्ही पाहून घ्या." आम्ही विचारले नव्हते. मला बाजारातल्या धान्याच्या ढिगाची ती हकिगत आठवली, जी आपण मुलांना सांगतो. प्रेषित (स.) यांनी ढिगात हात घातला, तर वरचे धान्य कोरडे आणि आतले ओले निघाले, आणि ओले धान्य वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. मालातला ऐब दाखवून केलेला सौदाच खरा, हा धडा. सरांना ही हकिगत ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण त्यांनी ओले धान्य वर ठेवले होते. कोण आपणहून ऐब सांगतो आणि कोण विचारल्यावरही बोलणे टाळतो, यावरून सौद्याची निम्मी पारख होते.

आता अम्मींची पाळी. मागचा दरवाजा पूर्ण उघडला. टेप लावला, सीट ६२ सेंटिमीटर. अम्मींनी पाठ फिरवली, वरची मूठ धरली आणि टेकल्या. एकेक पाय आत घेतला. कुणी हात लावला नाही. उतरतानाही तसेच, फक्त दाराच्या उंबऱ्याची रुंदी त्यांना जरा जास्त वाटली. पाय उंबऱ्यापलीकडे टाकताना सलवार कडेला घासते, पावसात चिखल लागेल, असे त्या म्हणाल्या. ही बारीक बाब कुठल्याही माहितीपत्रकात लिहिलेली नसते.

तिथून नरपड, चिखले, घोलवड करत बोर्डीकडे निघालो. डाव्या हाताला मधूनमधून समुद्र, उजवीकडे वाड्या. इथल्या चिकूला 'डहाणू घोलवड चिकू' या नावाने २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. इराणी आणि पारशी बागायतदारांनी रुजवलेल्या या वाड्यांवर आज हजारो कुटुंबे जगतात. एवढ्या मुंबईजवळ असूनही हा तालुका हिरवा राहिला, त्यामागे २० जून १९९१ ची केंद्र सरकारची अधिसूचना आहे. तिने डहाणूला पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र ठरवून उद्योगांवर मर्यादा घातल्या. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली त्यासाठी प्राधिकरणही आले. आता वाढवण बंदराच्या कामाने या किनाऱ्याचे चित्र बदलू लागेल. पण आज तरी घोलवडचा रस्ता झाडांच्या कमानीखालूनच जातो, आणि तो इतका अरुंद आहे, की समोरून चिकूचा टेम्पो आला तर एकाने कडेला थांबायचे.

अशा रस्त्यावर मोठ्या गाडीचे खरे वजन कळते. ४ मीटर २७ सेंटिमीटर लांबीची ही गाडी वळणावर यांना जड वाटली नाही, स्टिअरिंग हलके होते. मी स्वतः घोलवड ते बोर्डी चालवली. खुर्ची उंच केल्यावर बॉनेटची कड दिसते, हे माझ्या उंचीच्या बाईला महत्त्वाचे. मात्र मागे घेताना मागची काच लहान वाटते आणि खांब जाड, कॅमेऱ्यावरच भिस्त ठेवावी लागते.

बोर्डीच्या किनाऱ्यावर थांबलो. डिकीतून जानमाज, पाण्याचा कॅन आणि अम्मींची घडीची खुर्ची काढली. सुरूच्या सावलीत जोहरची नमाज झाली. डिकी ४०२ लिटरची आहे असे कागद सांगतो. आमच्या हिशेबात ती म्हणजे वॉकर आडवा, घडीची खुर्ची उभी, दोन बॅगा आणि डब्याची पिशवी. वॉकर आमच्या जुन्या गाडीत मुलांच्या पायांवर ठेवावा लागत असे.

दुसरा दिवस : महामार्ग

दुसऱ्या दिवशी सर आले नाहीत, किल्ली नंदोईंच्या हातात दिली. डहाणूच्या पंपावर टाकी काठोकाठ भरली आणि आशागड, गंजाड करत चारोटीकडे निघालो. गंजाड म्हणजे वारली चित्रकलेला जगभर नेणाऱ्या, पद्मश्री जिव्या सोमा मशे यांचे गाव. मागे अम्मी, माझी नणंद आणि थोरली अशा तिघी, पुढे मी. धाकटा मधेच आईच्या मांडीवर, मधेच मागे. चारोटीच्या अलीकडे गाडी थांबवून ते बंद केले आणि त्याला नंदोईंबरोबर त्यांच्या गाडीत बसवले.

त्याला कारण होते. चारोटीला सूर्या नदीवरचा पूल आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा तिथे अपघाती मृत्यू झाला. गाडी महागडी, नामांकित कंपनीची आणि भक्कम होती. पुढे बसलेले दोघे जखमी झाले पण वाचले, मागे बसलेले दोघे गेले. मागच्या दोघांनी पट्टा लावला नव्हता, असे पोलिसांच्या तपासात पुढे आले. आपल्याकडे पुढच्या सीटचा पट्टा पोलिसांसाठी लावला जातो आणि मागचा सीटच्या फटीत हरवलेला असतो. जुनी गाडी पाहताना मागचे तिन्ही पट्टे बाहेर काढून, लावून, झटका देऊन पाहावेत. इथे एका पट्ट्याचे कुलूप सीटच्या खाली दबलेले होते, ते वर काढले. अम्मींना पट्टा गळ्यापाशी येतो म्हणून नको होता. पाठीमागे पातळ उशी दिल्यावर तो खांद्यावर बसला.

सुरक्षेचे आणखी एक. भारतात चालकासाठी एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. त्याआधीच्या कुठल्याही गाडीत त्या आहेत का आणि किती, हे मॉडेल पाहून नव्हे, तर नेमके व्हेरियंट पाहून ठरते. या गाडीत पुढे दोन होत्या. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा पेटतो आणि काही सेकंदांत विझतो. तो पेटलाच नाही किंवा विझलाच नाही, तर काहीतरी बिघडलेले आहे असे समजावे. ज्यांचे बजेट आमच्यापेक्षा जास्त आहे, त्यांनी ग्लोबल एनकॅपचे निकाल पाहावेत. दुसऱ्या पिढीच्या क्रेटाला एप्रिल २०२२ मध्ये तीन तारे मिळाले, तर त्याच वर्षी कुशाकला पाच. किंमत सारखी असेल, तर हा फरक सनरूफपेक्षा मोठा आहे.

चारोटीहून उत्तरेकडे महामार्ग लागला. घोडबंदर ते अच्छाड या १२१ किलोमीटरच्या पट्ट्यावर डांबरावर काँक्रीटचा थर दिला गेला. रस्ता टिकाऊ झाला, पण काँक्रीटच्या सांध्यांवरून चाके जाताना एकसारखी टक-टक येते. साध्या गाडीत ती पाठीच्या कण्यापर्यंत जाते. आम्ही ताशी ८० चा वेग ठेवला, रेडिओ बंद, एसी दोनवर. मी पुढून हळू आवाजात अम्मींना विचारले, "औषध घेतलं का?" त्यांनी दुसऱ्यांदा विचारल्याशिवाय उत्तर दिले. ही माझी आवाजाची चाचणी. जुन्या गाडीत महामार्गावर आम्ही ओरडूनच बोलायचो.

तिघी मागे बसल्यावर मात्र सत्य समोर आले. पाच जणांची गाडी म्हणतात, पण मधली जागा कडक आणि पाठ टोचणारी. थोरली तलासरीपर्यंत तीनदा सरकली. दोघांना मागे ऐसपैस आणि तिघांना चालवून घेण्याजोगी, असा आमचा निवाडा झाला. मागच्या बाजूला एसीची वेगळी जाळी आहे, तिच्यामुळे ऑक्टोबरच्या उन्हात अम्मींना पदराने वारा घ्यावा लागला नाही.

तलासरी : खड्डे आणि दमणची चमक

विवळवेढ्याच्या महालक्ष्मीचा डोंगर मागे पडला, मग धुंदलवाडी. नोव्हेंबर २०१८ पासून ज्या गावाच्या आसपास भूकंपाचे धक्के बसत राहिले, तेच हे गाव. पुढे दापचरी आणि मग तलासरी. याच तालुक्यातल्या झरी गावी २३ मे १९४५ रोजी वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा मेळावा भरला आणि गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखालच्या लढ्याला तोंड फुटले. त्या काळी माणसे वीस-वीस मैल पायी चालत सभांना येत. आजही आतल्या पाड्यांवरून दवाखान्यापर्यंत पोहोचणे सोपे नाही. मोठे दुखणे आले, की इथली माणसे वापी, वलसाड, सिल्वासा गाठतात. आपल्या गुडघ्यांसाठी गाडी निवडत फिरताना हे डोळ्यांसमोरून जाते आणि मान आपोआप खाली होते.

तलासरीहून उधव्याच्या दिशेने वळलो. पावसाळा नुकताच संपलेला, डांबराच्या कडा तुटलेल्या. वेग ताशी वीस. इथे सरांनी सांगितलेला आवाज ऐकू आला, पुढच्या डाव्या चाकापाशी खडखड. मिस्त्रीने फोनवर ऐकूनच सांगितले, लिंक रॉड आणि लोअर आर्मचे बुश. नंतर गाडी वर उचलून पाहिली, तर तेच निघाले. शॉक ॲब्सॉर्बर कोरडे होते, म्हणजे तेल गळत नव्हते. मोठ्या खड्ड्यात गाडी एकदा खाली-वर होऊन स्थिर होते, दुसरा हेलकावा देत नाही, हीच त्यांच्या तब्येतीची खूण. खालून कुठेही घासले नाही, १९० मिलिमीटरची उंची पुरली. आडव्या खड्ड्यांत मात्र सीट जरा कडक जाणवते. अम्मी म्हणाल्या, "धक्का लागतो, पण गुडघ्याला नाही, कमरेला. कमरेला उशी चालेल."

परतताना महामार्गालगत एका दलालाने आणखी एक गाडी दाखवली. तसलीच क्रेटा, पण २०१९ ची, चकचकीत, नवे सीट कव्हर, आणि सात लाख दहा हजार. नंबरप्लेट दमणची. सीमेवरच्या या पट्ट्यात असे सौदे नेहमी समोर येतात. दमण, सिल्वासाकडे वाहनकर कमी, म्हणून तिथे नोंदलेल्या गाड्या स्वस्त दिसतात. पण महाराष्ट्रात कायम ठेवायची, तर मूळ कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २८, आणावे लागते. बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ दुसऱ्या राज्यात ठेवलेल्या गाडीला तिथला नवा नंबर घ्यावा लागतो, तसे मोटार वाहन कायद्याचे कलम ४७ सांगते. शिवाय गाडीच्या वयाप्रमाणे महाराष्ट्राचा कर वेगळा भरायचा. "तसंच चालवा, कोण विचारतंय," असे दलाल म्हणाला. अम्मींना घेऊन महिन्यातून दोनदा दापचरीचा तपासणी नाका आणि अच्छाडची हद्द ओलांडणाऱ्या आम्हांला ते परवडणारे नव्हते. फॉर्म २८ कधी मिळेल, या प्रश्नावर त्याने सीट कव्हरची किंमत सांगितली. आम्ही निघालो.

अच्छाडच्या पुढे गुजरातच्या पंपांवर महाराष्ट्राच्या गाड्यांची रांग असते, तिथे पेट्रोल लिटरमागे काही रुपयांनी स्वस्त. पण आम्ही मुद्दाम भरले नाही. संध्याकाळी डहाणूच्या त्याच पंपावर टाकी पुन्हा काठोकाठ भरली. दोन्ही भरण्यांच्या मध्ये गाडी १८४ किलोमीटर चालली आणि १३.७ लिटर पेट्रोल बसले. म्हणजे लिटरला साधारण १३.४ किलोमीटर, खड्डे, एसी आणि पाच माणसे धरून. डॅशबोर्डवरचा आकडा १४.८ दाखवत होता. विश्वास टाकीवर ठेवावा.

हिशेब आणि कागद

रात्री नणंदेच्या घरी वही काढली. मागणी ७,७५,०००. त्यावर चार टायर ३०,०००, पुढचे बुश व लिंक रॉड ११,०००, बॅटरी ६,५००, वर्षाचा विमा १९,५०० आणि नाव बदलण्याचा खर्च ६,०००. वरचा खर्च एकूण ७३,०००. म्हणजे ही गाडी आम्हांला ८,४८,००० ला पडणार होती. जुन्या गाडीची किंमत म्हणजे मालकाने सांगितलेला आकडा नव्हे. ती पहिल्या वर्षी निर्धास्त रस्त्यावर चालेपर्यंत जे लागते, ती तिची किंमत.

दुसरी बाब नव्या गाडीच्या भावाची. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. नव्या क्रेटावर कर आणि उपकर मिळून ४५ टक्के लागत, ते ४० वर आले आणि नव्या गाड्या उतरल्या. नवे उतरले की जुनेही उतरले पाहिजे, पण विकणाऱ्याच्या डोक्यात आकडा उन्हाळ्यातला असतो. ही वही आम्ही सरांपुढे ठेवली. घासाघीस केली नाही, ओळ न् ओळ वाचून दाखवली. टायरच्या ओळीवर ते थांबले, उठून बाहेर गेले, टायरची नक्षी बोटाने चाचपून आले आणि म्हणाले, "सात वीस." खर्च धरून ७,९३,०००. हद्दीच्या आत, सात हजार शिल्लक.

पैसे देण्याआधी यांनी फोनवर वाहनाची नोंद काढून पाहिली. मालक पहिलाच, कर्जाचा बोजा उतरलेला, ई-चलन एक, पाचशेचे, ते सरांनी तिथेच भरले. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना लागणारी उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली होती. चेसिस नंबर पुस्तकाशी जुळवला. कंपनीच्या वर्कशॉपमधून जुन्या सर्व्हिसिंगची यादी मागवली, मीटरचे किलोमीटर तिच्याशी जुळले. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या. पैसे बँकेतून गेले.

नाव बदलण्यात ढिलाई नको, हे विकणाऱ्यानेही लक्षात ठेवावे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केले, की परिवहन कार्यालयाच्या नोंदीत ज्याचे नाव, तोच मालक, मग गाडी कितीही हातांतून गेलेली असो. अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. कायद्याने खरेदी करणाऱ्याने तीस दिवसांत कळवायचे असते. विमाही चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा. जुन्या मालकाचा 'नो क्लेम बोनस' त्याच्याबरोबर जातो, तो गाडीबरोबर येत नाही, म्हणून विम्याचा हप्ता जरा वाढतो.

या गाडीत उणिवा नाहीत असे नाही. तिघांना मागे लांबचा प्रवास त्रासाचा, उंबरा रुंद, पेट्रोलचा खर्च लहान गाडीपेक्षा जास्त. वापीच्या दोन फेऱ्या आणि गावातले फिरणे धरून महिन्याला साडेचार हजारांचे पेट्रोल लागते. ज्या घरात मागे रोज तीन मोठी माणसे बसणार, त्यांनी दुसरी गाडी पाहावी. आमच्या घरात मागे एक आजी आणि दोन मुले बसतात.

गाडी निवडते कोण? बहुधा चालवणारा. त्याला इंजिनाचा आवाज, पिकअप आणि पडदा दिसतो. प्रवास सोसतात ती मागे बसलेली माणसे. म्हणून जुनी गाडी बघायला जाताना घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला बरोबर घेऊन जा, आणि दुकानासमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर नव्हे, तर आपण खरोखर जातो त्या रस्त्यावर तिला एकदा फिरवा. टेप, बॅटरी आणि वही बरोबर असू द्या.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात टायर आणि बुश बदलून झाले, महिनाअखेर पुस्तकावर यांचे नाव चढले. त्यानंतरच्या जुम्याला अम्मींनी स्वतःच सांगितले, वापीला जाण्याआधी डहाणूला जायचे, बहिणीच्या मुलांना भेटायचे. कमरेची उशी त्यांनी आदल्या रात्रीच शिवून ठेवली होती.